ब्रॅड होम्स : बांधणी झकास, पण काढणीला हात आखडता?

मिशिगनवासी :
डेट्रॉइटमध्ये होम्सबद्दल वावगं बोलणं म्हणजे पंढरपुरात विठोबाला नावं ठेवणं. तरी बोलतो. २०२१ मध्ये हा एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) आपल्या लायन्स संघाचा जीएम, म्हणजे खेळाडू निवडणारा कारभारी झाला. आल्या आल्या क्वार्टरबॅक (पास टाकणारा म्होरक्या) स्टॅफर्डला रॅम्स संघाकडे धाडलं. बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन पिक्स (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क; क्रमांक जितका वरचा तितका मोलाचा) आणि तिसऱ्या फेरीची एक. पहिल्या वर्षी ३-१३-१ (विजय-पराभव-बरोबरी), २०२४ मध्ये १५-२. मान्य! पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हचिन्सनचा पाय मोडला. पाच सामन्यांत साडेसात सॅक काढणारा, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच लोळवणारा गडी तो. तेव्हा तिजोरी उघडायची होती. यानं पाचव्या-सहाव्या फेरीच्या पिक्स देऊन त्याच्या जागी झडारियस स्मिथ आणला. जानेवारीत बाद फेरीत वॉशिंग्टननं आपल्याच घरच्या मैदानावर आपल्यावर ४५ गुण चढवले. नांगरलं, पेरलं आणि ऐन काढणीला मजुरी वाचवली.

ताकभात :
त्या सामन्यात आपण पाचदा चेंडू घालवला. गॉफचे तीन इंटरसेप्शन (पास समोरच्यांनी झेलले), एक फंबल (चेंडू हातून सुटला). वर पास झेलणं हे काम असलेल्या जेमसन विल्यम्सला स्वतःच पास टाकायची हौस आली, तोही त्यांच्याच हातात. यावर जीएमनं कुठला बचावपटू आणायचा होता, सांगा बरं?

मिशिगनवासी :
एक टचडाउन इंटरसेप्शनवर गेला, धरा. बाकीचे? पहिल्याच वर्षाचा त्यांचा क्वार्टरबॅक डॅनियल्स आपल्या अंगणात येऊन खेळवून गेला.

खडूस :
‘हात आखडता’ हे मला पटत नाही. २०२२ मध्ये याच होम्सनं ३२, ३४ आणि ६६ क्रमांकाच्या पिक्स देऊन १२ वर उडी मारली (सोबत ४६ मिळाली म्हणा), आणि ती कुणासाठी, तर गुडघ्याचं लिगामेंट फाटलेल्या विल्यम्ससाठी! पुढच्या वर्षी त्याच्यावर सट्ट्यापायी बंदी आली, आणि २०२४ मध्ये त्यानं हजार यार्ड काढले. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) गिब्ज आणि लाइनबॅकर (बचावातला) जॅक कॅम्पबेल. असे खेळाडू नंतरच्या फेऱ्यांत स्वस्तात मिळतात म्हणून तेव्हा मीच बोंब मारली होती. सपशेल चुकलो. सहावी आणि ८१वी पिक ॲरिझोनाला देऊन १२, ३४ आणि १६८ घेतल्या, म्हणजे १२वर गिब्जही आला आणि ३४वर लापोर्टाही. हा माणूस कंजूष नाही, हट्टी आहे. मनात भरला तर वाट्टेल ते मोजेल, नाही भरला तर दमडी देणार नाही. २०२४च्या नोव्हेंबरात, अदलाबदलीची मुदत संपताना, कुणी मनात भरलं नसावं. माझी तक्रार तेवढीच.

ताकभात :
खडूस, +१. ५ डिसेंबर २०२१ आठवा. अकरा सामने झालेले, एकही विजय नाही. व्हायकिंग्जविरुद्ध शेवटचा प्ले, ११ यार्ड बाकी. गॉफनं टाकला, सेंट ब्राउननं झेलला, २९-२७. एक रॅम्सला नकोसा झालेला, दुसरा ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतला ११२वा. मी असा ओरडलो की बाळ उठलं आणि बायकोची बोलणी खाल्ली.

मिशिगनवासी :
ते बाळ आता शाळेत जायला लागलं असेल. त्याला लायन्सचा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) कधी दाखवणार?