रनिंग बॅकला तगडं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे सॅलरी कॅपची वाट?

जर्सीसिटीकर:
एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) २०२४ ला फिलाडेल्फिया ईगल्सच्या सॅकॉन बार्कलीने पळून २००५ यार्ड काढले, ईगल्स सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकले, आणि तेव्हापासून जो तो म्हणतोय रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणारा) पैसे मोजलेच पाहिजेत. टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप असताना मला हे अजिबात पटत नाही. टॉड गर्ली आठवतोय का? २०१८ ला रॅम्सनी जुन्या कॉन्ट्रॅक्टपुढे ४ वर्षांचं एक्स्टेन्शन म्हणून ६० मिलियन डॉलर दिले, त्यात ४५ गॅरंटीड, मग गुडघा बोंबलला आणि मार्च २०२० मध्ये सोडून दिला, म्हणजे एक्स्टेन्शनची वर्षं सुरू व्हायच्या आधीच, आणि वर सुमारे २० मिलियन डेड मनी (सोडलेल्या खेळाडूचे कॅपमध्ये मोजले जाणारे पैसे) कॅपवर बसले ते वेगळेच. काउबॉइजनी झीक इलियटला ६ वर्षांचे ९० दिले, २०२२ ला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंची निवड) चौथ्या राउंडचा टोनी पोलार्ड त्याच्यापेक्षा जास्त पळाला, पुढच्या मार्चमध्ये झीक बाहेर.

फिलीवाला_भाऊ:
अरे पण आकडा कॅपच्या मानाने बघ ना. बार्कलीचं ईगल्सकडचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट ३ वर्षांचं ३७.७५ मिलियन, म्हणजे वर्षाला साडेबारा, आणि २०२४ चा कॅप होता २५५.४. पाच टक्के पण नाही! त्याच वर्षी काउबॉइजनी क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) डॅक प्रेस्कॉटला वर्षाला ६० दिले, त्यावर कोणी धागा काढत नाही. आणि तुमच्या न्यूयॉर्क जायंट्सनी काय केलं? २०२३ ला क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला ४ वर्षांचे १६० दिले आणि बार्कलीला टॅग (फक्त एका वर्षाचा पगार देऊन टीममध्ये अडकवणं) लावून ताटकळत ठेवला. पुढच्या वर्षी बार्कली आमच्याकडे, जोन्सला नोव्हेंबरमध्ये नारळ, सीझन ३-१४ (३ जिंकले, १४ हरले). कॅप कोणी बुडवला सांग.

जर्सीसिटीकर:
जोन्सचं दुखणं काढू नकोस राव 😑 पण बार्कली जायंट्सकडे असताना तरी आम्ही काय दिवे लावले, २०२३ ला ६-११ च होतो. तुमच्याकडे पुढे मायलाटा, डिकरसन, लेन जॉन्सन असली समोरच्यांना अडवणाऱ्यांची लाइन, भिंतच आहे. पैसे त्या लाइनवर लावा, मागे कोणीही पळेल. चीफ्स सातव्या राउंडच्या पचेकोला घेऊन दोनदा जिंकले.

एक्सेल_काका:
कोणीही पळेल हे जरा जास्तच झालं. डेरिक हेन्रीला रेव्हन्सनी २ वर्षांचे १६ दिले आणि तिशीत त्याने १९२१ यार्ड काढले. पण खरी गोची गॅरंटीची आहे. साइनिंग बोनस कॅपवर पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळं स्वस्त वाटतं, खेळाडूला सोडला की उरलेलं सगळं अंगावर येतं. रनिंग बॅक मॅकॅफ्रीला पँथर्सनी २०२० ला ६४ मिलियन दिले, पुढच्या दोन सीझनमध्ये मिळून खेळला १० मॅच. नंतर फोर्टी-नायनर्सकडे गेला, तिथे २०२३ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त पळाला, मग त्यांनीही एक्स्टेन्शन दिलं, आणि २०२४ ला खेळला फक्त ४.

जर्सीसिटीकर:
हेच तर म्हणतोय काका! बार्कलीचा पण फायदा झाला तो पहिल्या कॉन्ट्रॅक्टचा, नंतर खुशीत येऊन वर्षाला २०.६ चं जे दिलं त्यानंतरच्या सीझनला २००० च्या जवळपासही गेला नाही. पहिल्या राउंडचा असेल तर रूकी डील (ड्राफ्टनंतरचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट), फिफ्थ इयर ऑप्शन (टीमच्या मर्जीने पाचवं वर्ष), मग टॅग, आणि मग टाटा.

फिलीवाला_भाऊ:
म्हणजे पंचविशीपर्यंत पिळायचा आणि पैसे द्यायची वेळ आली की कॅप दाखवायचा. फाल्कन्सचा तरुण रनिंग बॅक बिजान रॉबिन्सन, त्याच्यासमोर बसून बोल हे.