टायडल रिव्हरला तंबू की कॅम्पर ट्रेलर?

मेलबर्नहून विल्सन्स प्रॉम राष्ट्रीय उद्यानात, टायडल रिव्हरच्या कॅम्पिंगच्या जागी जातोय. दोन कार्टी आणि पुण्याहून आलेली आई. तिला गुडघ्यांमुळे जमिनीवर झोपणं अशक्य. कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, उघडला की तंबू होणारा) भाड्याने घेऊ का?

— घे. गादी उंचावर असते. आधी गाडीची ओढण्याची क्षमता बघ. भरलेला ट्रेलर ७५० किलोंवर गेला की त्याला ब्रेक सक्तीचे. आणि रिव्हर्स घेताना नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं!

— दोन रात्रींसाठी एवढा खटाटोप? उभं राहता येईल असा तंबू न्या, आईंना उंच फोल्डिंग कॉट द्या. चिवडा-चकल्या मात्र गाडीतच. वॉम्बॅट (इथले गुबगुबीत, बिळात राहणारे प्राणी) वासावर येऊन तंबू फाडतात.

— कॉटच घेते. आई विचारतेय, वॉम्बॅट चावतो का?