मदत हवी आहे: उन्हाळ्यात फुलपाखरांसाठी काय लावू?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात घरामागे छोटी बाग आहे. काळी माती, दुपारनंतर सावली.

पावसाळा सरताना तिथे नुसती झुंबड असते. कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना हुबेहूब पक्ष्याची शीट, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि डिवचलं तर डोक्यामागून केशरी शिंगं काढून उग्र वास सोडतात! नीलवंतही (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू) अधूनमधून चक्कर मारतं. थंडीत जास्वंदीवर शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी). मार्च लागला की मात्र सगळं ओस.

मार्च ते मे, कमी पाण्यात फुलणारी आणि भरपूर मध असलेली झाडं कोणती? शक्यतो आपल्याकडचीच सांगा. नर्सरीवाले घाणेरी सुचवतात. ती नको, डोंगरात पसरलीय तेवढी पुरे.

दुसरं, सासूबाईंना फोडणीला कढीपत्ता उरत नाही, त्यामुळे फवारणीचा आग्रह चालू आहे. मला फवारायचं नाही. अर्ध्या वाढलेल्या अळ्या उचलून शेजारच्या कागदी लिंबावर सोडल्या तर त्या खातील, की पान बदललं म्हणून उपाशी राहतील? कुणी करून पाहिलंय का?