एरिओक्रोम ब्लॅक टी: एंड पॉइंटला स्वच्छ निळा येत नाही

बोअरचं_पाणी:
बोअरच्या पाण्याची टोटल हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) काढतोय. 50 मिली नमुना, 1 मिली अमोनिया बफर (पीएच 10 वर धरणारं द्रावण), एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचे 3 थेंब (अल्कोहोलमधलं जुनं द्रावण), ब्युरेटमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारं 0.01 मोलर ईडीटीए. वाइन-रेड रंग जांभळा होतो आणि तिथेच अडतो. वर 2 मिली सोडलं तरी हलत नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या स्टँडर्डला (माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणाला) उलटंच: रंग वेळेआधी हळूहळू निळसर होत जातो, नेमका थेंब सापडत नाही.

ब्युरेट:
हे दोन वेगळे दोष आहेत, एकत्र धरू नका. स्टँडर्डमध्ये मॅग्नेशियम नाही. कॅल्शियमची या इंडिकेटरवरची पकड सैल, मॅग्नेशियमची घट्ट. ईडीटीए मात्र आधी कॅल्शियम उचलतो. शेवटपर्यंत लाल टिकतो तो मॅग्नेशियममुळे. म्हणून ते बफरमध्येच द्यायचं: 16.9 ग्रॅम अमोनियम क्लोराइड 143 मिली कॉन्सन्ट्रेटेड अमोनियात, त्यात ईडीटीएचा मॅग्नेशियम क्षार 1.25 ग्रॅम, मग 250 मिलीपर्यंत पाणी. हे मॅग्नेशियम आधीच ईडीटीएने बांधलेलं असतं, त्यामुळे रीडिंग वाढत नाही. नुसतं मॅग्नेशियम सल्फेट टाकलंत तर ब्लँक (नमुन्याशिवाय घेतलेलं रीडिंग) वजा करावा लागेल. बूच घट्ट ठेवा; अमोनिया उडाला की पीएच 10 राहत नाही. महिन्याने नवं बफर.

लोखंडी_पाइप:
जांभळ्यावर अडणं हे बहुधा लोह, तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं काम. हे धातू इंडिकेटरला असे धरून बसतात की ईडीटीएला सोडवता येत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटर तपासा: बफर आणि इंडिकेटर टाकताच ते निळं दिसलं पाहिजे. लाल झालं आणि ईडीटीएच्या थेंबाने निळं झालं, तर पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे. लालच राहिलं तर पाण्यातच धातू आहे. तांब्याच्या ऊर्ध्वपातन भांड्यातून आलेलं पाणी असं वागतं. नमुन्यातलं लोह-अ‍ॅल्युमिनियम बांधून ठेवायला ट्रायइथेनॉलअमाइन, पण नमुना आम्लधर्मी असतानाच, बफर नंतर. तांब्यासाठी 5 टक्के सोडियम सल्फाइड 1 मिली. जुन्या पुस्तकांत सायनाइड लिहिलेलं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

बोअरचं_पाणी:
डिस्टिल्ड वॉटर लगेच निळं झालं. म्हणजे नमुन्यातच लोह असणार. इंडिकेटर संपत आलाय. रंगाच्या दुकानातली सोलोक्रोम ब्लॅक पावडर चालेल का?

ब्युरेट:
नको. रंग तोच; एरिओक्रोम ब्लॅक टीचंच रंगांच्या यादीतलं नाव मॉर्डंट ब्लॅक 11. लोकर रंगवून वर डायक्रोमेट दिलं की पक्का काळा. इंडिकेटर म्हणून तो 1948 मध्ये श्वार्झेनबाख आणि बीडरमान यांनी दाखवला. पण कापडाच्या मालात मीठ आणि इतर भर किती, याचा भरवसा नसतो. इंडिकेटर ग्रेड आणा. द्रावण टिकत नाही, तेव्हा 0.5 ग्रॅम रंग 100 ग्रॅम कोरड्या मिठात खलून ठेवा आणि दर वेळी चिमूटभरच टाका. जास्त झाला तर गडद रंगात बदल दिसत नाही.

हार्डनेस लिटरला 300 मिलिग्रॅमच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने) वर असेल तर 25 मिली नमुना घेऊन डिस्टिल्ड वॉटरने 50 मिली करा. बफर टाकल्यापासून 5 मिनिटांत टायट्रेशन संपवा, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. शेवटचे थेंब 3 ते 5 सेकंदांच्या अंतराने, फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवून. लालसर छटा पूर्ण जाईपर्यंत रीडिंग घेऊ नका.