मंडळाच्या ग्रुपवर फक्त ॲडमिननेच लिहावं का?

बिनपगारी_ॲडमिन
जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप पाचशेच्या पुढे गेलाय. वर्गणी भरणारे त्याच्या निम्मेही नाहीत. सकाळी सुप्रभातची फुलं, दुपारी महाराष्ट्राचं राजकारण, रात्री ‘पुण्याहून कुणी येतंय का, भाजणी आणायचीय’. यात गणपतीच्या नावनोंदणीची सूचना वाहून जाते आणि शेवटच्या दिवशी ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणून फोन येतात. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ‘कम्युनिटी’ आणली. तिच्या सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितात. मराठी शाळा, ढोल-ताशा, नवे विद्यार्थी असे लहान ग्रुप तिला जोडता येतात. गप्पा तिकडे माराव्यात. मी याच बाजूचा आहे.

भाजणीवाली
म्हणजे आम्ही वाचायचं आणि वर्गणी भरायची! अहो, नवीन आलेल्या पोराला शहरात पत्त्याची नोंदणी करायची असते, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, हे त्याला रात्री अकराला कोण सांगतं? कार्यकारिणी? नाही, याच गोंगाटातला कुणीतरी. तोच पुढे गणपतीला खुर्च्या उचलायला येतो. सूचनाफलकाला उत्तर द्यायला कोणी येत नाही.

नियमावर_बोट
गोंगाट राहू द्या, नंबरांचं बोला. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. खोली हवी म्हणून विचारलेल्या मुलींना अनोळखी लोकांचे खाजगी मेसेज येतात, हे इथल्या किती पुरुष सभासदांना ठाऊक आहे? युरोपात २०१८ पासून डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि ‘आपलीच माणसं’ ही त्यातली पळवाट नव्हे. कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये निदान नंबर इतर सभासदांपासून लपतात. एवढ्या एका कारणासाठी माझं मत ॲडमिनच्या बाजूने.

भाजणीवाली
हा मुद्दा मान्य. पण मग नंबर लपवा, तोंडं का बंद करता?

जुना_खजिनदार
दोघांचंही एक राहिलं. मंडळ नोंदणीकृत आहे, आणि निर्णय सभासदांच्या सभेत होतात. गेल्या वर्षी हॉल कोणता घ्यायचा ते ग्रुपवर मतदान घेऊन ठरवलं. मत देणाऱ्यांत वर्गणी न भरणारे किती होते कुणी मोजलं? २०२३ पासून इथल्या कायद्याने सभेला घरबसल्या ऑनलाइन हजर राहता येतं, तशी सोय निमंत्रणातच ठेवायची असते. दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेल्यांना ती दिली असती तर मतही कायदेशीर झालं असतं आणि माणसंही टिकली असती. अंगठे दाखवून सभासदत्व होत नाही.

बिनपगारी_ॲडमिन
सभेचं घेतो कार्यकारिणीत. भाजणीताई, गप्पांचा ग्रुप राहीलच, फक्त वेगळा.

ढोलवाला_दक्षिणेकडचा
आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असेच सात ग्रुप केले. ढोलाचा चालतो, कारण रविवारी सराव असतो. शाळेचा चालतो, कारण बाईंना निरोप द्यायचे असतात. बाकी पाचांत शेवटचा मेसेज दिवाळीच्या शुभेच्छांचा. काम असेल तिथेच ग्रुप काढा. आणि नव्यांच्या ग्रुपवर पहिल्या दिवशी उत्तर देणारे दोघे आधी ठरवा. ते ठरत नसतील तर तो उघडूच नका.

भाजणीवाली
नव्यांच्या ग्रुपला एक मी. दुसरं नाव ॲडमिनसाहेबांनी द्यावं, स्वतःचं चालेल.