पोटात कळ आली की आधी ओवा, की आधी डॉक्टर?

तिखटमिठाचा_सांजा
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एकीनं विचारलं, "पोटात मुरडा आलाय, काय घेऊ?" लगेच धडाधड गोळ्यांची नावं. ओवा चाव म्हणून एकालाही सुचलं नाही. लग्नातलं जेवण, छोले, हरभऱ्याची उसळ यांनी गुबारा धरून पोट दुखतं, त्याला चमचाभर ओवा, चिमूटभर पादेलोण आणि वर कोमट पाणी पुरतं. ओवा नुसता गिळायचा नाही, जीभ चुरचुरेपर्यंत चावायचा. त्यातल्या थायमॉलनं आतड्याची आवळण सैल होते. नाहीच थांबलं तर ताकात हिंग. गोळी सगळ्यात शेवटी. त्यातून 2023 च्या अखेरीस मेफेनामिक ॲसिड या दुखणं थांबवणाऱ्या गोळीबद्दल सरकारी इशारा आलाच होता. तरी लोक पर्समध्ये पाकीट घेऊन फिरतात!

स्टेथोवाला
ओव्याला माझी हरकत नाही, मीही चावतो. हरकत आहे ती 'आधी' या शब्दाला. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होतं. तेव्हा ते गॅससारखंच वाटतं. मग काही तासांत उजवीकडे खाली उतरतं, जेवण नकोसं होतं, उलटी येते. तोवर घरी ओवा झालेला असतो, हिंग झालेला असतो आणि कुणीतरी 'पोट साफ होऊ दे' म्हणत एरंडेल पाजलेलं असतं. अपेंडिक्स सुजलेलं असताना जुलाब देणं म्हणजे ते फुटायला मदत करणं.
तो इशारा एका दुर्मिळ पण गंभीर रिॲक्शनबद्दल होता: अंगावर पुरळ, ताप, आतल्या अवयवांना सूज. असं काही दिसलं तर कळवा, एवढाच त्याचा अर्थ. औषधावर बंदी आलेली नाही.

तिखटमिठाचा_सांजा
एरंडेलाचं नाव मी काढलंय का? उगाच माझ्या तोंडी घालू नका.

पुदिना
पाळीच्या कळा यात कुठे बसतात ते कुणी सांगेल? शाळेत असताना दर महिन्याला हातावर ओव्याची पुडी ठेवून मला वर्गात पाठवायचे. तो गॅस नसतोच. गर्भाशय आकुंचन पावतं ते प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे, आणि मेफेनामिक किंवा आयबुप्रोफेन नेमकं तेच कमी करतं. घरगुती उपायांत खरा उतारा पडतो तो शेकानं, गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर धरून. शेक आणि वेळेवर गोळी, दोन्ही घ्या. 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हणणाऱ्या बायका तेव्हा कण्हत पडलेल्या असायच्या, एवढंच. आणि दोन्ही करूनही मुलगी दर महिन्याला शाळा बुडवत असेल तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) असू शकतं.

वऱ्हाडी_ठेचा
मोठ्यांनी काय चावायचं ते चावा. माझं भांडण तान्ह्या बाळांवरून आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके देतात. डंबा म्हणतात त्याला. तोही 'घरगुती उपाय'च. जुनं म्हणून चांगलं असं म्हणायचं तर हेही म्हणा.

सुईणीची_नात
कुठला डंबा आणि कुठली घुटी! चटके देणाऱ्याला तुरुंगातच टाका. पण त्या नावाखाली सहाण फेकायला सांगू नका. मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, सुंठ हे आईच्या दुधात उगाळायचं, आणि कशाचे किती वेढे द्यायचे ते बाळाच्या वयावर. जायफळाचा हात आखडता. तुमचं ते ग्राइपवॉटर, 1851 साली नॉटिंगहॅमला निघालेलं, त्यात कित्येक वर्षं चक्क दारू होती. ती पाजताना कुणाला संशोधन आठवलं नाही.

स्टेथोवाला
ग्राइपवॉटरही मी लिहून देत नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटनेचंच सांगणं आहे. मुरुडशेंग वाईट असं मी म्हणत नाही. पण सहाण कशानं धुतली, वेखंड कुठल्या दुकानातलं, वेढा कुणाच्या हाताचा, याचा हिशेब लागत नाही. आणि पोटदुखीचे डायसायक्लोमिनचे थेंबसुद्धा सहा महिन्यांच्या आत देत नाहीत, म्हणजे नियम दोन्हीकडे सारखाच आहे. बाळ पाय पोटाशी घेऊन रडतंय तर खांद्यावर घ्या, ढेकर काढा. हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच दवाखाना.

सुईणीची_नात
बेंबीभोवती हिंगाचा लेप तरी लावू द्याल ना?

स्टेथोवाला
लावा. कातडी लाल झाली तर पुसून टाका. नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत मात्र थांबा.

वऱ्हाडी_ठेचा
लेप तरी कशाचा? डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक पीठ आणि डिंकच. खडा हिंग आणता का कुणी?

कुडाळचो_झील
मधेच विचारतो. बाबांना बीपी आहे, वय सदुसष्ट. ओव्याबरोबर पादेलोण चालेल का?

तिखटमिठाचा_सांजा
पादेलोण म्हणजेही मीठच, ते नको. नुसता ओवा चावू द्या.

स्टेथोवाला
कळ नेमकी कुठे येते? छातीच्या खाली, वरच्या पोटात, आणि घाम फुटतोय का? तसं असेल तर ओवा राहू द्या, आत्ता ईसीजी काढा. या वयात हार्टअटॅक गॅस म्हणून घरी बसलेला मी पाहिलाय.

तिखटमिठाचा_सांजा
इथे मात्र डॉक्टरांचं ऐका. बाबांना रिक्षात बसवा, धागा नंतर वाचा.