शब्दचर्चा : दंतवल्क, कीड आणि ‘जन्मजात’

प्रश्न : आम्ही नागपूरचे. भाचीला नुकत्याच पक्क्या दाढा आल्या, त्या आल्या तेव्हाच पिवळट-तपकिरी आणि कडेला झडलेल्या. पुढच्या दोन दातांवरही खडूसारखे पांढरे डाग आहेत. संत्रं खाल्लं की दात आंबतात, ब्रश लागला की रडते. घरात सगळे ‘कीड लागली’ म्हणतात आणि ‘काऊन घासत नाही दात?’ हे तिला रोज ऐकावं लागतं. चिठ्ठीवर ‘एनॅमल डिफेक्ट’ लिहिलंय. आई म्हणते, जन्मजात आहे. मराठीत याला काय म्हणावं? जन्मजात आणि आनुवंशिक एकच का?

उत्तर १ : ताई, आधी ‘कीड’ हा शब्द काढून टाका. तो शब्द ऐकला की दोष पोरीच्या घासण्यावर जातो, आणि इथे तो तिचा नाही. कीड बाहेरून लागते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि चांगला दात पोखरतात. तुमच्या भाचीचा दात हिरडीतून वर येण्याआधीच कच्चा राहिलाय. अशा दाताला पुढे कीड लवकर लागते हे खरं, पण ती नंतरची गोष्ट.

एनॅमलला मराठीत ‘दंतवल्क’ म्हणतात. वल्क म्हणजे झाडाची साल, वल्कलातलं तेच. शब्द देखणा आहे, पण एका बाबतीत फसवतो : साल सोलली तर झाड ती पुन्हा भरून काढतं, दंतवल्क नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. पक्कं वल्क वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. वल्क मुळात पातळ बनलं की दात लहान, खाचखळग्यांचा दिसतो. जाडी पुरेशी पण खनिज कमी, असं झालं की ते भुसभुशीत राहतं आणि चावताना झडतं. बोलताना ‘दंतवल्क कच्चं राहिलंय’ एवढं पुरे.

आता दुसरा प्रश्न. ‘आनुवंशिक’ म्हणजे जनुकांतून आलेलं. (‘अनुवंशिक’ लिहू नये, पहिला स्वर दीर्घ.) ‘जन्मजात’ म्हणजे जन्मतः असलेलं, कारण कोणतंही असो. पहिल्या पक्क्या दाढेचं वल्क जन्माच्या सुमारास घडू लागतं आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पुरं होतं. दाढ दिसते सहाव्या वर्षी. म्हणून तिच्या दोषाला सरसकट जन्मजात म्हणणं पटत नाही. पहिल्या दाढा आणि पुढचे दात मिळून बिघडण्याच्या या प्रकाराला दंतवैद्य २००१ पासून ‘एमआयएच’ (मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, म्हणजे दाढा-पटाशीच्या दातांत खनिज कमी पडणं) म्हणतात. त्यात एकच कारण सापडत नाही. जनुकांचा वाटा असतो, लहानपणच्या आजारपणांचाही असू शकतो.

उत्तर २ : निव्वळ आनुवंशिक प्रकार वेगळा. त्याचं नाव ‘अ‍ॅमेलोजेनेसिस इम्परफेक्टा’. त्यात बहुधा दुधाचे आणि पक्के, सगळेच दात बिघडतात आणि घरात आणखी कुणाचे तरी तसेच असतात. वल्काचं प्रथिन बनवणारं एक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात दोष असलेल्या बापाकडून तो प्रत्येक मुलीला जातो, मुलाला एकालाही नाही. मुलींच्या दातांवर चांगल्या-वाईट वल्काचे उभे पट्टे दिसू शकतात, मुलांचा अख्खा दात बिघडतो. ‘जनुक’ आणि ‘गुणसूत्र’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, तेही यावरून कळेल.

उत्तर ३ : यवतमाळ-चंद्रपूरकडचा असेल त्याने ‘फ्लोरोसिस’ही लक्षात ठेवावा. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की गावातल्या बऱ्याच पोरांच्या दातांवर डाग येतात. एकाच घरातल्या भावंडांना झालं म्हणून ते आनुवंशिक ठरत नाही, पाणी एकच असतं.

प्रश्नकर्ती : भाचीचे दुधाचे दात चांगले होते, आणि घरात दुसऱ्या कुणाचे असे नाहीत.

उत्तर १ : मग एमआयएच असण्याचीच शक्यता जास्त वाटते. बालदंतवैद्यांना ‘दाढ आली तेव्हाच अशी होती, नंतर बिघडली नाही’ हे आवर्जून सांगा. आणि घरी सगळ्यांना सांगा की पोरगी दात घासते, दुखतं म्हणून रडते. ब्रश मऊ घ्या, पाणी कोमट द्या.